आक्कासाठी खव्याची बर्फी

खडकेवाडीत नारबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगात रेड्याचं बळ, मनात कपट नाही. सांगितलेलं काम जसंच्या तसं करायचा. तेवढीच त्याची खोड होती.

त्याची बायको सगुणा दर दिवाळीला म्हशीचं दूध आटवून खव्याची बर्फी करायची आणि डबे भरभरून शेजारीपाजारी भेट द्यायची. यंदा ती वसुबारसेलाच गोठ्यात घसरली. उजवा हात मुरगळून गळ्यात बांधावा लागला. आणि बर्फी तर यंदाच हवी होती. नारबाची थोरली बहीण, पारूआक्का, दोन वर्षांनी भाऊबिजेला येणार होती.

दोन वर्षांपूर्वी आक्काच्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी नारबाला विचारलं, "मामा, मुलीबद्दल काय ते मोकळेपणानं सांगा." नारबानं मोकळेपणानं सांगितलं. पाहुणे चहा न घेताच उठले. तेव्हापासून आक्का भावाशी बोलत नव्हती. आता राग जरा निवला होता, आणि सगुणाच्या हातची बर्फी तिला जीव की प्राण होती.

"आता बर्फी तुम्हीच करायची," पाडव्याला सकाळी सगुणा म्हणाली. "मी सांगते तसं करा. दूध चुलीवर ठेवा, समोर बसा. उतू गेलं तर मला हाक मारा."

नारबा समोर बसला. बऱ्याच वेळानं त्यानं हाक मारली. सगुणा आली. पातेलं रिकामं, चूल विझलेली.

"अहो, आधी नाही का हाक मारायची?"

"उतू गेलं तर मार म्हणालीस. थोडं जात होतं तेव्हा 'गेलं' कसं म्हणू? सगळं जाऊ दिलं."

सगुणानं कपाळावर डावा हात मारला. "वर येताना दिसलं, की लगेच गार पाण्याचा हबका मारायचा! कळलं?"

"कळलं."

संध्याकाळचं दूध चुलीवर चढलं. या खेपेला नारबा पाण्याचा तांब्या घेऊन बसला. दूध शहाण्यासारखं आटत होतं. तेवढ्यात शेजारच्या वत्सलाकाकू नवं लुगडं नेसून, वाटीत साखर घेऊन पायऱ्या चढून वर येऊ लागल्या. नारबानं त्यांना वर येताना पाहिलं. लगेच हबका मारला.

काकू ओल्याचिंब होऊन घरी गेल्या. सगुणा साखरेचं पाणी पुसत म्हणाली, "अहो, माणूस दारात आलं तर 'या, बसा' म्हणावं. पाट द्यावा. काहीतरी गोड पुढं ठेवावं. नको म्हटलं तरी आग्रह करावा!"

"असं होय," नारबा म्हणाला.

सगुणा काकूंची समजूत घालायला गेली. इकडे खवा छान घट्ट झाला. नारबानं तो परातीत काढला. तेवढ्यात दारात वत्सलाकाकूंची शेळी आली.

"या, बसा," नारबा म्हणाला.

सगुणा परत आली तेव्हा शेळीचे पुढचे पाय पाटावर होते आणि तोंड परातीत.

"अहो, हे काय?"

"पाहुणचार. मघाशी तिनं मान हलवली होती. मी आग्रह केला."

परातीत मूठ-दोन मूठ खवा उरला होता. पाच घरच्या डब्यांचं सोडाच, आक्काचा एक डबा भरला तरी पुष्कळ. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शेळी हाकलली आणि नारबाला पुढ्यात बसवलं.

"नीट ऐका. आपलं खायला कुणी आत शिरू लागलं, की दार लावायचं. आतून काठी आपटायची. हाड-हाड करायचं. जाईपर्यंत दार उघडायचं नाही."

"आग्रह?"

"अजिबात नाही!"

मग उरल्या खव्यात साखर घालून सगुणानं डाव्या हातानंच बर्फी थापली. चारोळीची पुडी नारबाच्या हातात दिली. "ही तेवढी वरून पेरा."

नारबा अंगणात गेला तो खुरपं घेऊनच. परत आल्यावर म्हणाला, "पेरली. दोन ओळींत वीतभर अंतर ठेवलंय. पाणी उद्या घालतो."

सगुणानं तशाच वड्या पाडल्या. अकरा भरल्या. डबा बंद करून फळीवर ठेवला.

भाऊबिजेला सकाळी ती वत्सलाकाकूंकडे वेणी घालून घ्यायला गेली. एका हातानं वेणी कशी घालणार? घरात नारबा एकटा. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "नारबा, आले रे बाबा तुझ्याकडची बर्फी खायला!"

नारबानं दार लावलं. काठी आपटली. हाड-हाड केलं.

सगुणा आली तेव्हा तो घाम पुसत होता.

"कोण आलं होतं?"

"आक्का. पण गेली. आधी हटत नव्हती."

सगुणानं फळीवरचा डबा काढून त्याच्या हातात कोंबला. "स्टँडवर पळा! गाडी सुटायच्या आत वन्संना घेऊन या. तुम्ही अक्षर बोलू नका, बोललात की घोळ होतो. नुसतं त्यांचं तोंड गोड करा. आणि त्या म्हणतील तसंच करा. पण घेऊनच या!"

नारबा पळाला. स्टँडवर चहाच्या टपरीपुढं बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला आक्का डोळे पुसत बसली होती. दुसऱ्या टोकाला कुणीतरी तोंडावर रुमाल टाकून डुलक्या घेत होतं.

"मेल्या, सख्ख्या बहिणीला हाड-हाड करतोस?" आक्कानं तोंड उघडलं. नारबानं त्यात बर्फी घातली.

"मी... तुझ्या दारात..." दुसरी वडी.

आक्कानं कसंबसं गिळलं आणि बाकडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "काही झालं तरी मी या बाकड्यावरून उठायची नाही!"

नारबानं विचार केला. मग केळेवाल्याची रिकामी हातगाडी ओढून आणली, बाकडं होतं तसं उचललं आणि तिच्यावर ठेवलं. भर बाजारातून गाडा निघाला. आक्का ओरडायची, नारबा तिचं तोंड गोड करायचा.

दाराशी पोचेपर्यंत आक्काला हसू आवरेना. "सगुणा, अगं याच्यावर रुसायचं तरी कसं?" म्हणून ती खाली उतरली आणि तिनं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. सगुणाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाकड्याच्या दुसऱ्या टोकाचा रुमाल सरकला. खाली खाकी कपडे होते.

"कुठं आलो?" तो माणूस म्हणाला. "अहो, मी ड्रायव्हर आहे! माझी गाडी दहाची!"

दहा कधीच वाजून गेले होते.

"देवा!" सगुणा किंचाळली. "अहो, ओवाळणं राहू द्या. यांना आधी गाडीवर सोडून या!"

नारबा ड्रायव्हरला घेऊन धावत गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. आक्का पाटाभोवती रांगोळी घालत होती. सगुणा निरांजन लावत होती.

"सोडलंत ना गाडीवर?"

"सोडलं. पण शिडीवरून नेताना फार हातपाय झाडले त्यांनी."

सगुणाच्या हातातली काडी विझली. "शिडी कसली?"

"गाडीवर चढवायचं म्हणजे शिडी नको? टपावर सामानाची दोरी होती. पडायला नकोत म्हणून त्यांना चांगलं बांधलं. आरडाओरडा करत होते, म्हणून राहिलेल्या वड्यांनी तोंड गोड केलं." नारबा पाटावर बसला आणि त्यानं कपाळ पुढं केलं. "पण आक्का, तू त्या गाडीनं गेली नाहीस ते बरं झालं. आत पन्नास माणसं खोळंबलीत. ड्रायव्हर कुठं गेलाय, कुणालाच माहीत नाही म्हणे."