मानाचे चिरोटे

एका गावात एक देवी होती. तिला चिरोटे फार आवडतात, असं गावकरी सांगत. देवीला कुणी विचारलं नव्हतं, पण जत्रेत नैवेद्य चिरोट्यांचाच लागायचा. चिरोट्याचे पदर सुटले, म्हणजे देवी प्रसन्न. पदर नाही सुटले, म्हणजे करणारीच्या मनात पाप.

काय हो हा न्याय! अहो, पदर सुटतात ते लोण्यामुळे. घरचं लोणी तांदळाच्या पिठीबरोबर पांढरंशुभ्र होईतो फेसायचं. पातळ लाटलेल्या पोळीवर ते फासायचं, वर दुसरी पोळी, पुन्हा लोणी. मग घट्ट गुंडाळी करायची, काप पाडायचे, हलक्या हाताने लाटायचे आणि मंद आचेवर तळायचे. लोणी गार राहिलं, तर एकेक पदर सुटून येतो. ते विरघळलं, की पोळीला पोळी चिकटते आणि चिरोट्याची पार वहाण होते. यात पाप कुठे आलं आणि पुण्य कुठे आलं? गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. पण देवळाच्या ओट्यावर बायकांना विचारतो कोण!

खरी भानगड होती मानाची. पूर्वी कधीतरी एका पाटलाने तळायच्या गुंडाळ्यांच्या परातीच्या काठाला नुसता हात लावून नमस्कार केला होता. त्याच्या मुलाने दोन बोटं गुंडाळीवर टेकवली. नातवाने मूठच दाबली. पाटलाची मूठ, मग शेटजींची का नको? म्हणून शेटजी गुंडाळी एकदा वळून बघायचे. गुरवबुवा वरून तीर्थाचा हबका मारायचे. एवढं झालं, की परात डोक्यावर घेऊन भर उन्हात वाजतगाजत गावाला फेरी. तोवर लोण्याचं पाणी झालेलं असायचं. चिरोटे तळले, की दगड! आणि बोट कुणाकडे? करणारीकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ती अशी.

मागल्या जत्रेला चिरोटे सोनाईने केले होते. बिचारीने जीव ओतून केले होते. ते कडक निघाले आणि त्या दिवसापासून सोनाईला देवळाची पायरी बंद झाली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. ती विहिरीवर आली, की बाकीच्या बायका कळशा उचलून चालू लागत. शेवटी ती भर दुपारी, कुणी नसताना पाणी भरू लागली.

या सोनाईची थोरली जाऊ म्हणजे मथुराकाकू. यंदा चिरोटे करायला कुणी बाई तयार होईना, तेव्हा काकू आपणहून पुढे झाल्या. सोनाई घाबरली. म्हणाली, "जाऊबाई, माझं झालं ते झालं. तुम्ही नका आगीत हात घालू. दोघींना वाळीत टाकलं, तर या घराशी कुणी सोयरीकसुद्धा करणार नाही."

"म्हणूनच करणार आहे," काकू म्हणाल्या. त्या तडक पाटलांकडे गेल्या.

"पाटील, यंदा चिरोट्यांना हात लावू नका. लोणी विरघळतं."

गणोजी पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "काकू, चिरोट्याला हात लावायचा नाही, तर आम्ही पाटील कशाला झालो? मान आहे तो आमचा."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं, लावा. फक्त देवीपुढे नाव सांगून लावा. मान आहे, तर आईलाही कळू दे कुणाचा ते."

पाटील खूश! आयतीच मिरवायची सोय झाली. ही गोष्ट गावभर पसरली आणि ज्यांना मान नव्हता, तेही अंगरखे धुवायला टाकू लागले.

जत्रेच्या सकाळी काकूंनी ओल्या फडक्याखाली गुंडाळ्या आणून ठेवल्या. पाटलांनी मूठ दाबली आणि मंडप दणाणेल असे ओरडले, "मी गणोजी पाटील! हा नैवेद्य माझ्या हातचा आहे, आई, गोड मानून घे!" त्रिंबकशेट त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. गुरवबुवांनी तर अर्धा तांब्या तीर्थ ओतलं आणि तीनदा नाव सांगितलं. मागे ही रांग लागली! ज्याने उभ्या जन्मात स्वतःचं ताट उचललं नसेल, तोही पिठात बोटं खुपसून नाव गर्जून गेला. मग उन्हातून फेरी निघाली. परातीतून लोणी ठिबकत होतं, पण ते बघायला मान खाली घालावी लागते.

दुपारी चिरोटे तळले. व्हायचं तेच झालं. एकही पदर सुटला नाही.

पाटलांनी मान हलवली. "अरेरे! काकू, तुमच्याही मनात काळंबेरं निघालं म्हणायचं." लगेच चारचौघांनी माना डोलावल्या. सकाळी नाव गर्जून गेले होते, तेच हे!

मथुराकाकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "पाटील, सकाळपासून देवीने माझं नाव ऐकलेलंच नाही. तुमचं ऐकलं. शेटजींचं ऐकलं. गुरवबुवांचं तीनदा ऐकलं. 'नैवेद्य माझ्या हातचा' असं तुम्हीच ओरडून सांगितलंत. मग पाप शोधायचं कुणाच्या मनात?"

त्रिंबकशेट गडबडले. "आम्ही नुसता हात लावला हो! केले तुम्हीच."

"चांगले झाले असते, तर कुणी केले असते?"

काकूंनी ताट उचललं. "असो. देवीचा प्रसाद आहे. पहिला मान मानकऱ्यांचा." प्रसादाला नाही म्हणायची सोय नव्हती. सगळ्या गावासमोर मानकरी ते दगड चावत बसले. शेटजींचा गाल एकदा इकडे फुगे, एकदा तिकडे. पोरं खिदळू लागली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "मग मागल्या वर्षी सोनाईचा काय दोष होता?"

ही बाई वर्षभर कुठे होती, असं विचारावंसं वाटतं. विहिरीवरून कळशी उचलून चालू लागणाऱ्यांत हीही असेल. पण निदान आज तोंड उघडलं.

पाटलांनी घास कसाबसा गिळला आणि पुटपुटले, "दोष आमच्या हातांचा."

"ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या. "सकाळी ओरडलात ना? तसं मोठ्याने सांगा. नाव घेऊन."

पाटलांनी एकदा देवीकडे पाहिलं, एकदा गावाकडे. मग ओरडून म्हणाले, "मी गणोजी पाटील! चिरोटे माझ्या हाताने बिघडले. मागल्या वर्षीही माझ्याच हाताने बिघडले. सोनाईचा दोष नव्हता!"

त्याच संध्याकाळी पाटलीणबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन सोनाईच्या दारी आल्या. सोनाईने कुंकू लावून घेतलं, पण ती हसली नाही. का हसावं? तिचं अख्खं वर्ष गेलं होतं, आणि ते काही कोयरीत घालून कुणी परत आणलं नव्हतं.

पुढच्या जत्रेला चिरोटे सोनाईने केले. मानकरी हात मागे बांधून लांब उभे राहिले. फेरीत परातीऐवजी देवीची पालखी निघाली, आणि गुंडाळ्या गार सावलीत राहिल्या. चिरोटा तुपात पडला, की त्याचे पदर अलगद सुटत. सगळा गाव बघत राहिला.

आणि पाटील? छाती फुगवून पाहुण्यांना सांगू लागले, "बघा, आम्ही हात लावला नाही, म्हणून झाले हो एवढे सुरेख!"

सोनाई झारा थांबवून म्हणाली, "खरं आहे, पाटील. तेवढं एक काम तुम्हाला छान जमतं. दरवर्षी करत जा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामात हात घालणाऱ्याने दोषातही वाटा उचलावा; तेवढी छाती नसेल, तर हात आपल्याजवळच ठेवावा.