ओटिलीसाठी मोकळा रस्ता

ही गोष्ट आपल्या मुलखातली नाही बरं का. लांब जर्मनीत, डोंगराच्या कुशीत इल्मग्रुंड नावाचं गाव आहे, तिथली. गावात अजून मोटार शिरली नव्हती, त्या काळातली.

त्या गावात घोड्यांना नाल ठोकणाऱ्याची एक पोर होती, ओटिली. बापानं मोडक्यातोडक्या लोखंडातून तिला सायकल करून दिली, तेव्हा सगळं गाव फिदीफिदी हसलं. बाईमाणसानं सायकलवर बसायचं म्हणजे काय? पण ती बसली. आधी तिनं शहरातल्या शर्यती जिंकल्या, मग दूरदूरच्या, आणि मग सगळ्या देशात तिच्यापुढे जाणारी बाई उरली नाही. ती घाट चढायला लागली की ससाणे मागे पडायचे, असं म्हणतात. पाऊससुद्धा तिला गाठू शकायचा नाही, असंही म्हणतात.

मग काय, हसणारेच तिला डोक्यावर घेऊन नाचायला लागले. ती जिंकून आली की वेशीवर अडवायचं, सायकलसकट खांद्यावर उचलायचं आणि बँड वाजवत चर्चभोवती फिरवायचं, ही गावाची रीतच पडली. बेकरीवाला कुंट्झे सगळ्यांत पुढे. "आमची ओटिली" म्हणताना त्याची छाती फुगायची.

ओटिलीची बहीण हेडविग गावाच्या पलीकडे, वर जंगलात राहायची. एका पानगळीत तिच्या लेकीला, ट्रूडला, घटसर्प झाला. पोरीचा घसा सुजला, श्वास अडकायला लागला. औषध होतं शहरात, आणि ओटिलीही त्या दिवशी शहरातच, शर्यतीत. हेडविगचा नवरा आडवाटेनं घोडा पिटाळत तिथे पोचला, पण घोडा तिथेच कोसळला. गावाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ओटिली सगळ्यांच्या पुढे होती. निरोप कानावर पडला आणि तिनं शर्यत अर्ध्यात सोडली. डॉक्टरकडून औषधाची बाटली घेतली, छातीशी बांधली आणि घाटाला लागली. चाकं जमिनीला टेकतच नव्हती, असं म्हणतात.

संध्याकाळी वेशीवर गाव जमलेलं. एवढ्या लवकर आली म्हणजे जिंकलीच, असं त्यांनी गृहीतच धरलं. बँड सुरू झाला. "सोडा मला, ट्रूड मरतेय," ती ओरडत होती. त्या ढोलांत कुणाला ऐकू येणार? कुंट्झेनं तिला उचललं, बाकीच्यांनी झेललं, आणि बाटली फुटली.

तिच्या सदऱ्यावरून औषधाचा ओघळ खाली आला, तेव्हा कुठे ढोल थांबले. मला तर या लोकांचा संताप येतो. पण प्रेमच करत होते हो ते, कुठल्या तोंडानं बोलायचं त्यांना?

ओटिलीनं खांद्यांवरून खाली उडी मारली. सायकल वळवली आणि दुसऱ्या बाटलीसाठी पुन्हा घाटात गेली. धुकं उतरलं होतं. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही, सायकलही सापडली नाही. ट्रूड उजाडायच्या आत गेली.

ओटिली मेली, असं तिथे कुणी म्हणत नाही. दुसरी बाटली घेऊन ती अजून घाटातून येतेच आहे, असं म्हणतात. पोर गेल्याचं तिला सांगणार कोण?

म्हणून पानगळीतल्या त्या संध्याकाळी आजही इल्मग्रुंडची माणसं गाड्या, बाकं, कुत्री, सगळं रस्त्यावरून आत घेतात. हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी राहतात. टाळी नाही, हाक नाही. अशा वेळी एखादी सायकल आली आणि कडेवरच्या लेकरानं हात हलवला, तर आई तो हात हळूच खाली करते आणि म्हणते, "जाऊ दे तिला."