सगुणाबाईची कालवड

"...रक्ताच्या थेंबात औषध घातल्यावर गुठळ्या झाल्या म्हणजे रोग. गुठळ्या काय खोटं बोलतात, महाराज?"

हा आमचा मल्हार. भानगिरी महाराजांच्या मठात वाढला, जनावरांचा डॉक्टर होऊन आला. पोरगं गुणाचं, पण डोक्यात हवा!

गाभ टाकायच्या रोगासाठी त्यानं गावातल्या दोनशे गाईंचं रक्त तपासलं होतं. वीस रोगी निघाल्या. उद्या त्यांना गावाबाहेर काढायचं ठरलं. त्यात सगुणाबाईची एकुलती एक कालवड. बाई दावं धरून मठाच्या दाराशी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

महाराज म्हणाले, "आपल्या मठातल्या गाई तपास बरं."

"कशाला? बाहेरची गाय आपण कधी आणली नाही. इतक्या वर्षांत एकीनंही गाभ टाकला नाही. सगळ्या धडधाकट आहेत."

"म्हणूनच तपास, बाळा."

चाळीस गाई तपासून मल्हार आला, तो तोंड पाडून.

"दोन रोगी निघाल्या..."

"अरेच्चा! धडधाकट होत्या ना?"

"आहेतच. म्हणजे चाचणीनं उगाच धरल्या."

"चाळिसांत दोन. मग दोनशेत?"

"दहा," मल्हार पुटपुटला. "म्हणजे माझ्या विसातल्या दहाएक उगाचच..."

"आणि पाटलांची गाय? परवा गाभ टाकला, शहरातल्या प्रयोगशाळेनं रोग पक्का केला, ती?"

"ती माझ्याकडे... निरोगी निघाली होती."

महाराज इतके हसले की ठसका लागला. मल्हारनंच पाणी दिलं.

"फेकूनच देतो ही चाचणी!"

"वेडा रे वेडा! किती चुकते ते आता कळतंय ना? मग उगाच धरलेल्या वजा कर, सुटलेल्या मिळव."

मल्हारनं बराच वेळ हिशेब केला.

"गावात बारा-पंधरा असतील. नक्की नाही सांगता येत."

"शाब्बास! असंच सांग गावाला."

"पण महाराज... ही कालवड त्यातली आहे का?"

महाराज उठले. बाईच्या हातून दावं घेतलं आणि कालवड बाकीच्या गाईंपासून लांब, आपल्या खोलीमागं बांधली. वैरण टाकली.

बाईला हुंदका आवरेना. "म्हणजे तुम्हीपण हिला रोगीच धरलं?"

"नाही गं माय. रोगी नाही, निरोगीही नाही. अजून विचारायचंय तिला."

मग मल्हारच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाकीच्या एकोणिसांनाही असंच वेगळं बांधा, सगळ्यांना दुसऱ्या चाचणीनं तपासा. गावात किती, ते अंदाजानं सांगितलंस तरी चालेल, बाळा... हिला अंदाजानं घराबाहेर काढायचं नाही."