घराच्या मापाची बॅटरी

एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. तो आळशी नव्हता, भांडखोर नव्हता. सांगितलेलं काम कधी टाळत नसे. जसं सांगितलं तसंच्या तसं करायचा. खोड म्हणाल तर एवढीच.

त्याची बायको कौतिका मात्र चलाख होती. तिने घरात अंडी उबवायची विजेची पेटी आणली होती. पेटीत अंडी मांडायची, पेटी ऊब देत राहायची आणि दिवस भरले की पिल्लं बाहेर. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका तिच्याकडून पिल्लं न्यायच्या. गावातल्या विजेचा भरवसा नव्हता, म्हणून तिने पत्र्यावर सोलरच्या प्लेटाही बसवून घेतल्या. दिवसा सगळं झकास चालायचं. सूर्य बुडाला की प्लेटा थंड, आणि वीज गेली की पेटीही थंड. मग कौतिका चुलीवर फडकी शेकून अंड्यांभोवती गुंडाळत बसायची. मागच्या खेपेला तिचा दमून डोळा लागला आणि सगळी अंडी वाया गेली. ती नुसती रिकामी पेटी पुसत बसली. रंभाजीला ते बघवलं नाही.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"बॅटरी आणा," कौतिका म्हणाली. "दिवसाची वीज साठवून रात्री देते ती. तालुक्याला मुनीरभाईंच्या दुकानात मिळेल. उगाच मोठी नको, फार लहानही नको. आपल्या घराच्या मापाची बघा."

"कळलं," रंभाजी म्हणाला.

त्याने विहिरीचा दोर सोडला आणि घराचं माप घेतलं. आधी लांबी, मग रुंदी. उंचीसाठी पत्र्यावर चढून दोर खाली सोडला. प्रत्येक मापाला एक गाठ मारली. मग दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून तो एसटीने तालुक्याला गेला.

मुनीरभाईंनी दोराकडे पाहिलं. "हे काय आणलंत, भाऊ?"

"घराचं माप. ओसरी धरलेली नाही. ती धरायची असली तर तीन हात वाढवा."

मुनीरभाई जुने दुकानदार होते. हसले नाहीत. "भाऊ, बॅटरीचं माप दोरानं घेत नाहीत. तुमच्या घरात रात्रीचं काय काय चालतं ते मला सांगा. जेवढं चालतं, तेवढी बॅटरी."

"ते बघितलं पाहिजे," रंभाजी म्हणाला.

"बघा आणि या."

"कळलं."

तो घरी आला, रात्रभर जागून सगळं नीट बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी दुकानात हजर झाला.

"मांजर चालते," तो म्हणाला. "फडताळापर्यंत जाते, दूध झाकलेलं आहे हे बघते आणि परत येते. पाल चालते, पण भिंतीवरून. आई चालते, काठी घेऊन. उंदीर चालत नाही, पळतो. त्याला कशात घालायचं ते तुम्ही ठरवा."

"आणि पंखा चालत नाही का?"

"नाही. तो जागच्या जागी फिरतो."

मुनीरभाईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, मी विजेवरच्या वस्तूंचं विचारतोय. माणसं आणि जनावरं सोडून द्या."

"सगळी?"

"सगळी. ती सोडली की मागे जे उरेल, त्यावर बॅटरी ठरेल."

रंभाजीला हे जरा जड गेलं. पण पेटी पुसत बसलेली कौतिका त्याच्या डोळ्यांपुढे आली. "कळलं," तो म्हणाला.

घरी आल्याबरोबर त्याने म्हैस सोडली. मग शेळ्या सोडल्या. खुराडं उघडून कोंबड्या सोडल्या. मांजर बांधलेली नव्हती, म्हणून तिला आधी बांधलं आणि मग सोडलं. शेवटी आईला घेऊन तो एसटी स्टँडवर गेला आणि तिला मामाच्या गावच्या गाडीत सोडून आला.

"कशाला रे बाबा?" म्हातारीने खिडकीतून विचारलं होतं.

"बॅटरीसाठी."

"असं होय," म्हातारी म्हणाली आणि तिने पदर सावरून घेतला. रंभाजी तिचाच मुलगा होता.

कौतिका शेतातून आली तर गोठा रिकामा, खुराडं रिकामं, घर रिकामं. ओसरीवर रंभाजी एकटा बसलेला.

"म्हैस कुठाय?"

"सोडली."

"शेळ्या? कोंबड्या?"

"सोडल्या."

"आणि आई?"

"तिलाही सोडून आलो."

कौतिकाने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. "मग मला कसं नाही सोडलंत?"

"तू घरी नव्हतीस," रंभाजी म्हणाला.

म्हैस दुसऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यात सापडली. शेळ्या आपल्या आपण आल्या. कोंबड्या गोळा करता करता अंधार पडला. सगळं बांधून, कोंडून झाल्यावर कौतिकाने त्याला पुढ्यात बसवलं आणि सावकाश सांगितलं, "अहो, सोडायचं म्हणजे मोजायचं नाही. आपल्याला रात्री फक्त तीन गोष्टी लागतात. पेटी, एक पंखा आणि एक दिवा. उद्या तेवढंच धरा आणि दुकानात जा."

"एवढं सोपं होतं तर," रंभाजी म्हणाला. "कळलं."

सकाळी कौतिका पाण्याला गेली होती तेवढ्यात तो निघाला. डोक्यावर पेटी धरली, बगलेत पंखा धरला आणि हातात बल्ब धरला. कंडक्टरने विचारलं, "घर बदलताय का?" रंभाजी म्हणाला, "नाही, तेवढंच धरलंय."

आता गंमत बघा. आजवरच्या खेपांत हीच एक कामाची ठरली. मुनीरभाईंनी पेटी उलटी करून तिच्यामागची पट्टी वाचली. पंख्यावरचं वाचलं, बल्बवरचं वाचलं. पाठोपाठच्या गाडीने धापा टाकत आलेल्या कौतिकाला विचारून कोणती वस्तू किती तास लागते तेही समजून घेतलं. मग त्यांनी तीन बॅटऱ्या दाखवल्या.

"ही लहान. अर्ध्या रात्रीत दम टाकेल, तुम्हाला पुरायची नाही. ही मोठी. रात्र काढून वर उरेल, पण तुमच्या पत्र्यावरच्या प्लेटा दिवसभर राबल्या तरी हिचं पोट भरणार नाही. आणि ही मधली. दिवसात भरेल, रात्रीला पुरेल."

कौतिकाने मधली घेतली. रंभाजी सगळं लक्ष देऊन ऐकत होता.

"हिला जपायचं कसं?" कौतिकाने विचारलं.

"वर प्लेटांवर ऊन पडतं, ते वायरीतून खाली उतरून हिच्यात साठतं," मुनीरभाई म्हणाले. "बाकी काही नाही. फक्त हिला ऊन लागू देऊ नका. ऊन लागलं की लवकर खराब होते."

दुकानाचा माणूस येऊन बॅटरी जोडून गेला. कौतिकाने पेटीत नवी अंडी मांडली. ती पहिली रात्र पेटी एकदाही गार पडली नाही. कौतिका पहाटेपर्यंत गाढ झोपली. तिला तसं झोपलेलं बघून रंभाजीला इतकं बरं वाटलं की तो स्वतः झोपलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कौतिका सासूला आणायला निघाली. जाताना बजावून गेली, "अंड्यांना ऊब कमी पडू देऊ नका. बॅटरीला ऊन लागू देऊ नका. बाकी कशालाही हात लावू नका."

"कळलं."

रंभाजीने आधी बॅटरीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात सावलीत होती. खिडकी लांब होती. तरी त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो वायरीच्या मागे मागे पत्र्यावर गेला. प्लेटांवर रणरणतं ऊन पडलं होतं आणि मुनीरभाईंनी सांगितल्याप्रमाणे ते सगळं वायरीतून थेट खाली बॅटरीत उतरत होतं. रंभाजीच्या अंगावर काटा आला. वेळीच वर आलो म्हणून बरं झालं, असं त्याला वाटलं. त्याने कांद्यावरची ताडपत्री आणली, सगळ्या प्लेटांवर अंथरली आणि चारी बाजूंनी दगड ठेवले.

त्या रात्री पेटी गार पडली. रंभाजीने अंडी आपल्या गोधडीत घेतली आणि हलायचं नाही म्हणून दगडासारखा बसून राहिला. उजाडताच त्याने अंडी चुलीपाशी ठेवली, बॅटरी उचलली आणि दुकान गाठलं.

"मुनीरभाई, ही पुरली नाही. न पुरणारी ती लहान, असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणजे ही लहान आहे. मोठी द्या."

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. मुनीरभाईंनी फार खोलात न जाता मोठी बॅटरी आणि जोडायला माणूस देऊन त्याची बोळवण केली. दुपारी गर्दी सरल्यावर त्यांनी मधली तपासली. तिला काहीही झालेलं नव्हतं. ती नुसती उपाशी होती. त्यांनी दुकान बंद केलं आणि मोटारसायकल काढली.

ते रंभाजीच्या अंगणात उतरले तेव्हा कौतिका म्हातारीला हाताला धरून आत येत होती. घरात पेटी गार होती. पेटीत एकही अंडं नव्हतं. तिघांनी बाहेर येऊन वर पाहिलं.

प्लेटांवर ताडपत्री घट्ट पसरलेली होती. ताडपत्रीवर टोपली, टोपलीत अंडी, आणि अंड्यांवर संध्याकाळचं छान उबदार ऊन पडेल अशी ती कलती करून ठेवलेली. टोपलीच्या ओझ्याने ताडपत्री सरकून एका कोपऱ्याला वीतभर अपुरी पडली होती. तिथे रंभाजी छत्री उघडून उभा होता. घामाने निथळत होता.

कौतिका आधी शिडी चढली आणि टोपली घेऊन खाली उतरली. शेजारणींच्या उबवायला बसलेल्या खुडूक कोंबड्यांखाली तिने अंडी तासाभरात वाटून टाकली. त्यातली बरीचशी पुढे वाचली. रंभाजीशी बोलायचं काम तिने मुनीरभाईंवर सोपवलं.

"भाऊ," मुनीरभाई खालून म्हणाले, "वर काय करताय?"

"बॅटरीला ऊन लागू देत नाही."

"बॅटरी तर घरात आहे."

"पण ऊन इथूनच उतरतं ना खाली. तुम्हीच सांगितलंत."

 मुनीरभाईंनी छत्रीकडे बोट दाखवून विचारलं, "ताडपत्री आहे, मग ती छत्री कशाला?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं," रंभाजी म्हणाला. "मधली होती तोवर ताडपत्री पुरत होती. ही मोठी दिलीत, तेव्हापासून छत्रीही धरावी लागते."