तातोबा कुणाचा पठ्ठा?

कृष्णाकाठी अंकलगाव नावाचे एक गाव होते. शांतवन महाराज फिरत फिरत तिथे आले ते ऐन वैशाखात. अंगात भगवी कफनी, गळ्यात दोरीला ओवलेला लाकडी क्रूस, हातात एकतारी. गावात कुणी ओसरीवर टेकू दिले नाही, म्हणून महाराज वेशीबाहेरच्या वस्तीत उतरले. तिथल्या चिंचेखाली बसून ते प्रभू येशूची भजने गात, तापाने फणफणलेल्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत, आणि ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नसे त्यांच्याच पंगतीला बसून भाकरी मोडत.

सर्जेराव पाटलांना हे सोसले नाही. गावची तालीम पाटलांच्या आश्रयाने चाले आणि तिचे वस्ताद होते भैरू. पाटलांनी वस्तादांना सांगितले, वस्तादांनी आपल्या सगळ्यांत लाडक्या पठ्ठ्याला. "जा रं तातोबा, त्या गोसाव्याला हुसकून लाव."

तातोबा आईबापाविना वाढलेला. वस्तादांनी त्याला तालमीत ठेवून घेतले, घरच्या म्हशीचे दूध पाजून पोसले. वस्तादांचा शब्द त्याने आजवर खाली पडू दिला नव्हता. काठी घेऊन तो तडक वस्तीत गेला.

महाराज म्हणाले, "ये बाबा. मारायचे असेल तर मार. पण आधी या आजीबाईंना उचलून सावलीत ने. उन्हाने त्यांना भोवळ आली आहे आणि माझ्या अंगात तेवढे बळ नाही."

तातोबा घोटाळला. मग काठी टाकून त्याने म्हातारीला उचलले. चिमणीएवढे तिचे वजन! आपटण्यावाचून दुसऱ्या कशासाठी त्याने माणूस कधी उचललाच नव्हता. म्हातारीने डोळे उघडून त्याच्या गालावरून हात फिरवला. काठी तिथेच राहिली. तातोबा भजन संपेपर्यंत बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि मग येतच राहिला.

एके दिवशी तो म्हणाला, "महाराज, मला तुमचा शिष्य करा."

"माझा नको रे! मीच कुणाचा तरी शिष्य आहे," महाराज म्हणाले. "प्रभू येशूंच्या मागे चालायचे असेल तर चल. पण नीट विचार कर. ते राजवाड्याकडे गेले नाहीत, क्रुसाकडे गेले. मारणाऱ्यावर त्यांनी हात उगारला नाही, आणि मारणाऱ्याच्या भीतीने पाऊलही मागे घेतले नाही. गुरू एका वाटेने गेला आणि शिष्य सोयीच्या वाटेने, असे चालत नाही."

"आनि वस्ताद?"

"त्यांचे उपकार जन्मभर मान. पण ते अन्याय कर म्हणाले तर करू नकोस."

तातोबाने कृष्णेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. गावात एकच बोंब उठली!

बाजाराच्या दिवशी वस्तादांनी त्याला भर चौकात अडवले. शेजारी पाटील, भोवती सगळा बाजार.

"तातोबा, सगळ्यांदेखत सांग. कुनाचा पठ्ठा तू?"

 समोरच्या माणसाने त्याला घास भरवला होता. पण तो म्हणाला, "वस्ताद, ह्यो देह तुमी पोसलाय, ते मी इसरनार न्हाई. पर मी आता प्रभू येशूचा."

"मग दाव की तुझा गुरू!" वस्ताद गरजले. "बगू, तुला मार पडताना येतोय का सोडवाय!"

लोक खो खो हसले आणि वस्तादांची काठी तातोबाच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या दुकानापर्यंत गेला. तातोबाचे रक्त उसळले. डाव्या हाताने वस्तादांना कंबरेत धरून भिरकावणे त्याला अवघड नव्हते. मूठ वळली... आणि हळूहळू सुटली.

"अजून एक हात हाय, वस्ताद," तो म्हणाला. "त्योबी मोडा. पर वस्तीतल्या कुनाच्या अंगावर काठी उचलली, तर मदी मी उभा असंन. मोडल्या हातानं असंन. तिथनं मी हालनार न्हाई."

वस्तादांची काठी पुन्हा उठली नाही. "नामर्द झालं बेनं!" पाटील ओरडले. कुणी शेण फेकले. तातोबा मागच्या बोळाने गेला नाही. मोडका हात छातीशी धरून तो भर बाजारातून, मान ताठ ठेवून वस्तीकडे चालत गेला. महाराजांनी हात बांबूच्या कामट्यांनी बांधला. बांधताना त्यांचे डोळे भरून आले.

पुढे थोड्याच दिवसांत वस्ताद आणि त्यांचे पठ्ठे तालमीच्या विहिरीतला गाळ काढायला उतरले असताना एका बाजूचे दगडी बांधकाम ढासळले. पठ्ठे कसेबसे वर आले. वस्ताद खालीच कमरेपर्यंत गाळात रुतले. वरून दगड निसटत होते. विहिरीचा काठ पायाखाली भुसभुशीत झाला होता, त्यामुळे कुणी जवळ जायला धजेना.

वस्तीत बातमी आली तेव्हा कुणीतरी म्हणाले, "भोगू दे. हात मोडताना काय वाटलं न्हाई त्याला."

तातोबाने महाराजांकडे पाहिले. "महाराज, काय करू?"

"मला विचारू नकोस," महाराज म्हणाले. "ज्यांचा शिष्य झालास, ते कुठे गेले असते, ते तुला ठाऊक आहे."

तातोबा धावत सुटला. विहिरीपाशी पाटलांनी त्याला अडवले. "लांब हो! तालमीच्या विहिरीला तुझा हात लागायचा न्हाई."

"मोडायला ह्यो हात चालला न्हवं, पाटील! आता बाजूला व्हा!" असे म्हणून तातोबाने पाटलांना खांद्याने दूर केले. मोटेचा दोर त्याने खाली सोडला आणि ओरडला, "वस्ताद, काखंतनं बांधा!"

त्याने दोर कमरेभोवती घेतला, टाचा रोवल्या आणि एका हाताने ओढू लागला. वस्ताद हलेनात. काठाची माती सरकली, तातोबाचा एक पाय पोकळीत गेला, दोर मुठीतून निसटू लागला. तेव्हा तो आकांताने म्हणाला, "प्रभो, माजा एकच हात हाय! दुसरा तुजा लाव!"

आणि काय आश्चर्य! तो एवढा जड दोर एकाएकी हलका झाला. भराभर दोर वर आला. वस्ताद काठावर आले, तातोबाने त्यांना छातीशी धरून मागे लोळण घेतली, आणि तो सगळा काठ गडगडत विहिरीत कोसळला!

वस्ताद धापा टाकत इकडेतिकडे पाहू लागले. "दुसरा कुटं गेला?"

"कोन दुसरा?"

"तुज्या म्होरं दोर धरलावता त्यो! मी खालनं बगत हुतो. त्याच्या हाताला आरपार भोक हुतं रं... आनि तरी वढत हुता."

लोकांनी दोर पाहिला. तातोबाची मूठ होती त्याच्या हातभर पुढे, जिथे कुणाचाच हात नव्हता, तिथे ताज्या रक्ताचा डाग होता. तातोबाच्या तळव्यावर तर ओरखडाही नव्हता.  तातोबा मातीत बसून लहान मुलासारखा रडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद लंगडत वेशीपर्यंत आले. जन्मात त्यांनी ही वेस ओलांडून त्या वस्तीत पाय ठेवला नव्हता. मागून पाटील आले. "भैरू, फुडं गेलास तर तालीम बंद! गावाला तोंड दावायला जागा ठेवनार न्हाई तुला!"

"करा बंद," वस्ताद म्हणाले. "हितनं फुडं कुनाला झोडपायला माजा पठ्ठा मागू नगा, पाटील. आनि मीबी येनार न्हाई."

ते चिंचेखाली आले, डोक्यावरचा पटका उतरवून त्यांनी महाराजांच्या पायांवर ठेवला. "महाराज, मी तुमच्या गुरूला बाजारात हाका मारल्या, चेष्टेनं. त्यो इहिरीवर आला."

महाराजांनी त्यांना उठवले. "माझ्यापुढे वाकू नका, वस्ताद. मी त्यांचा चाकर."

"मग कुनापुढं वाकू? त्यो तर दिसंना झाला."

 महाराज फक्त बाजूला सरले. मागे तातोबा उभा होता, कामट्यांत बांधलेला हात गळ्यात अडकवलेला. वस्ताद त्याच्यापाशी गेले. तातोबा घाईने म्हणाला, "वस्ताद, नगा, मला पाप लागंल," पण तोवर त्या म्हाताऱ्या मल्लाने गुडघे टेकले होते आणि आपणच मोडलेल्या त्या हातावर कपाळ ठेवले होते.

वेशीत उभे राहून पाटील हाका मारत राहिले. वस्तादांनी मान वर केली नाही.