डबा भरलेला परत आला

आमचे हे गडहिंग्लजच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. रविवारी सकाळी अमेरिकेचा सिनेमा असायचा आणि मी डबा घेऊन केबिनमध्ये जायची. मशीनच्या खडखडाटात एक अक्षर ऐकू यायचं नाही. आम्ही दोघं नुसतं बघायचो.

हे गेले. वर्षश्राद्धाला त्यांचा आवडता घोडेवाल्यांचा सिनेमा दाखवा, असं सांगायला मी गावातल्या फिल्म क्लबात गेले. अध्यक्ष अंबर्डेकर सर म्हणाले, "मावशी, तो दिग्दर्शक अगदी सुमार. आम्ही थोर माणसाचा लावतोय. इंग्रजी येतं का तुम्हाला?"

"चौथी नापास आहे मी. पण दोन्ही अर्धा-अर्धा तास लावून बघा. भजी मी आणते."

आधी घोडे सुटले. सरांच्या मांडीवर गरम भज्यांची बशी होती, तिला हात लागला नाही. मग थोर माणूस सुरू झाला, आणि दहा मिनिटांत सरांनी तीच गार भजी संपवून वर मिरच्या मागितल्या.

दिवे लागल्यावर मी म्हणाले, "सर, चांगल्या सिनेमाला आमचे हे जेवण विसरायचे. डबा भरलेला परत आला की मी समजायची, दिग्दर्शक मोठा आहे. आता तुमची बशी बघा."

सरांनी बशी बघितली, रुमालाने तोंड पुसलं. "कितव्या तारखेला आहे श्राद्ध?"

त्या दिवशी यांच्या आवडीची वांग्याची भाजी करून मी घोडेवाल्यांच्या सिनेमाला डबा नेला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला. घरी आणला तेव्हा भरलेलाच होता.