फाटकातलं गवत

पश्चिमेच्या समुद्रात एक हिरवंगार बेट होतं आणि तिथे जनावरांचंच राज्य होतं, त्या काळची ही गोष्ट. बेटाच्या मधोमध, उत्तर आणि दक्षिण वेगळी करणारा, भिंतीसारखा दगडी गडगा होता. तो पाडून बेट एक करावं, ही दक्षिणेकडच्या सभेची फार जुनी इच्छा.

अखेर सरकारने विधेयक आणलं. तीन दिवस चर्चा चालली. उत्तरेकडच्या भावंडांच्या आठवणीने बदकांनी डोळे पुसले. विरोधकांनीसुद्धा 'एवढा उशीर का?' म्हणून सरकारला धारेवर धरलं. अध्यक्ष होता म्हातारा एडका.

शेवटचं कलम त्याने स्वतः वाचलं. "उत्तरेकडच्यांची संमती विचारायला, ज्याचं तिकडे जाणंयेणं आहे असा सभासद जाईल. चला, कोण आहे तसा? पाय वर करा."

एकही पाय वर झाला नाही.

"अहो, एखादा तरी?" एडक्याला खरंच वाटेना.

"गडग्यातलं फाटक बंद असतं ना, अध्यक्ष महाराज," ससा मंत्री पुटपुटला.

"बंद?" छपरावरची चिमणी किंचाळली. "वीस वर्षं सताड उघडं आहे ते!"

एडका तडक उठला आणि धापा टाकत गडग्यापाशी पोचला. फाटक खरंच उघडं होतं. त्यात त्याच्या पोटाला लागेल एवढं गवत माजलं होतं. सगळं बेट चरणाऱ्यांचं, आणि वीस वर्षांत त्या गवताला ना इकडच्या कुणी तोंड लावलं होतं, ना तिकडच्या.